काडतुसाचं तोंड आवळावं का?

वरणगावच्या आयुध निर्माणीतलं ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस आणि परदेशातल्या एखाद्या बेंचरेस्ट (म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्या) नेमबाजाने स्वतःच्या टेबलावर भरलेलं तेवढ्याच व्यासाचं काडतूस शेजारी ठेवलं, तर फरक पुंगळीच्या तोंडाशी दिसतो. लष्करी काडतुसात गोळीच्या अंगावर एक बारीक खाच कोरलेली असते आणि पितळी पुंगळीचं तोंड त्या खाचेत आवळून बसवलेलं असतं. यालाच क्रिम्प म्हणतात. नेमबाजाच्या काडतुसात गोळी गुळगुळीत असते, तिला खाच नसते आणि तोंड आवळलेलंही नसतं. ती फक्त पुंगळीच्या मानेच्या घट्टपणावर उभी असते. दोन्ही काडतुसं भरणारी माणसं जाणकार आहेत आणि दोघांचाही निर्णय बरोबर आहे. तरीही ‘क्रिम्प करावा की नाही’ हा प्रश्न हौशी मंडळींमध्ये हो किंवा नाही अशा एका शब्दात सोडवायचा प्रयत्न होतो, आणि तिथेच त्याचा गुंता होतो.

आधी कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्याच कायद्यातल्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रं हीसुद्धा ‘दारूगोळा’ या शब्दातच येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून शस्त्रं वा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात कोणी घरच्या टेबलावर रायफलची काडतुसं भरायला बसावं, असा हा विषय नाही, आणि हा लेखही त्यासाठी नाही. पण परवानाधारक शेतकऱ्याच्या .३१५ रायफलमध्ये जे काडतूस जातं, रेंजवरचा मुलगा ज्या .२२ च्या खोक्यावर महिन्याचे पैसे घालतो आणि सीमेवरचा जवान जे बेल्टमध्ये ओवतो, त्या सगळ्यांत क्रिम्पचा हा निर्णय कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो. तो का घेतला हे वापरणाऱ्याला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत काम केलेल्याला, किंवा इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेल्याला, यातलं मूळ यंत्रशास्त्र समजावून सांगावं लागणार नाही. पुंगळीच्या मानेत गोळी बसते ती प्रेस फिटनेच. .३०८ जातीच्या गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर असतो. मानेचं आतलं माप त्याहून दोन ते सात शतांश मिलिमीटर कमी ठेवतात आणि गोळी दाबून आत बसवतात. पितळ ताणलं जातं आणि परत आकसायला बघतं, त्या आकसण्याने गोळी धरली जाते. मानेच्या भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. इतक्या पातळ पत्र्याची पकड चार गोष्टींवर ठरते: मापातला फरक, पितळाचा कडकपणा, मानेची लांबी आणि आतल्या पृष्ठभागाचं घर्षण. क्रिम्प ही त्यावरची पाचवी गोष्ट. पहिल्या चार बिघडलेल्या असताना पाचवीने त्या सुधारत नाहीत, हे पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ही पकड किती लागते याचं एक जुनं लष्करी माप आहे. अमेरिकेच्या ७.६२ मिलिमीटर एम-८० काडतुसाच्या विनिर्देशात गोळी ओढून काढायला किमान ६० पौंड, म्हणजे साधारण २७ किलोचा जोर लागला पाहिजे असं लिहिलेलं आहे. हा आकडा मोठा वाटतो, पण गोळी सुटते तेव्हाच्या दाबाशी ताडून पाहा. .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी युरोपीय मानकाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ४१५० बार आहे. गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे त्या क्षणी गोळीला मागून ढकलणारा जोर दोन टनांच्या घरात जातो. २७ किलोची पकड सुटायला त्या दाबाचा शंभरातला दीड भागही लागत नाही. त्यानंतर गोळी नळीतल्या आट्यांत शिरते, आणि तिच्या अंगावर आटे कोरले जायला लागणारा जोर क्रिम्पच्या जोरापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

यावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. क्रिम्पचं खरं काम गोळी झाडली जाण्याच्या क्षणी नसतं. ते त्याआधीचं असतं, जेव्हा ते काडतूस मॅगझीनमध्ये, बेल्टमध्ये किंवा दुनळीच्या दुसऱ्या नळीत आपली पाळी यायची वाट बघत असतं आणि शेजारचं काडतूस उडतं. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो असा: ही रायफल थांबलेल्या काडतुसाशी कशी वागते?

मराठवाड्यातल्या शिकारीच्या काळातून याचं उत्तम उदाहरण मिळतं. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि सहावे निजाम महबूब अली खान यांची वाघाचे शिकारी म्हणून ख्याती होती. त्या जमान्यातल्या श्रीमंत शिकाऱ्याचं हत्यार म्हणजे इंग्लंडहून मागवलेली दुनळी एक्सप्रेस रायफल. .४७० नायट्रो एक्सप्रेससारख्या काडतुसात ५०० ग्रेनची, म्हणजे सव्वाबत्तीस ग्रॅमहून थोडी जड गोळी असते. पहिली नळी उडाली की पाच किलोची रायफल झटक्यात मागे येते. दुसऱ्या नळीतल्या पुंगळीला कड असते, त्यामुळे ती रायफलबरोबर मागे ओढली जाते. जड गोळी मात्र जडत्वाने जागीच राहायला बघते. ढोबळ हिशेब केला तर त्या क्षणी गोळीवर वीस किलोच्या आसपासची ओढ येते. चार किलोच्या साध्या .३०८ रायफलमध्ये साडेनऊ ग्रॅमच्या गोळीवर हीच ओढ पाच किलोच्या आत राहते. पाच किलोला साधी घट्ट मान पुरते. वीस किलोला, आणि तेही समोर घायाळ वाघ असताना, कोणी मानेच्या भरवशावर राहू नये. म्हणून दुनळीच्या काडतुसांना क्रिम्प करतात, आणि या बाबतीत जाणकारांत मला मतभेद दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार संपली, पण हिशेब तोच आहे.

याच्या उलट ओढ लिव्हर रायफलमध्ये दिसते. १८९५ मध्ये आलेलं .३०-३० विंचेस्टर हे त्यातलं सर्वांत परिचित काडतूस. नळीखालच्या लांब मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात, पुढून स्प्रिंग दाबत असते आणि प्रत्येक धक्क्याला पुढच्या काडतुसाचं बूड मागच्याच्या नाकावर आदळतं. इथे गोळी बाहेर येत नाही, आत ढकलली जाते. ती आत गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि तेवढीच दारू कमी जागेत पेटल्याने दाब वाढतो. म्हणून तिथेही क्रिम्प हवाच. स्वयंचलित रायफल आणि मशीनगनमध्ये दोन्ही बाजूंनी त्रास असतो. काडतूस मॅगझीनमधून खेचलं जाताना गोळीचं नाक उतरणीवर आपटतं, आणि चेंबरमध्ये शिरताना पुंगळी अचानक थांबते तेव्हा गोळी पुढे सरकायला बघते. शिवाय लष्कराचं काडतूस ट्रकमधून हेलकावे खातं, पावसात भिजतं, वर्षानुवर्षं पेटीत पडून राहतं. १९६४ मध्ये सुरू झालेल्या वरणगावच्या कारखान्यात, अजिंठ्याचा घाट उतरून गेल्यावर भुसावळच्या पलीकडे, ५.५६ आणि ७.६२ ची काडतुसं बनतात. ती कुठल्या हवामानात आणि कुठल्या हत्यारातून उडणार हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. तिथे क्रिम्प न करण्याचा पर्यायच नाही.

पावसावरून आणखी एक गैरसमज निघतो. क्रिम्पमुळे काडतूस पाण्यापासून वाचतं असं अनेकजण समजतात. पितळ आणि गोळी यांच्यामधली सूक्ष्म फट आवळल्याने बंद होत नाही. त्यासाठी लष्करी काडतुसात मानेच्या आतून डांबरी लेप लावलेला असतो. जुनं काडतूस उघडलं की गोळीच्या मागच्या अंगावर दिसणारा काळा थर म्हणजे तोच.

काडतूस जेव्हा कागदाचं होतं तेव्हा हे सगळं अर्थातच वेगळं होतं. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदात गुंडाळलेली दारू आणि गोळी, आणि गोळीच्या भागाला वंगण.    पुढे पितळी काडतूस आलं आणि गोळी धरून ठेवायचं काम कागदाकडून धातूकडे गेलं. ली-एनफिल्डच्या .३०३ काडतुसांवर मानेला ठिकठिकाणी टोचून पाडलेले खड्डे दिसतात. क्रिम्पचा तो साधा, जुना प्रकार.

आता विरोधी पक्षाकडे वळू, कारण त्याची बाजूही तितकीच भक्कम आहे आणि रायफल एकच गोळी घालून चालवणाऱ्यांच्या बाबतीत जास्तच भक्कम आहे.

पहिली हरकत धातूच्या स्वभावाची. तांब्याच्या पातळ कवचाखाली शिसं असतं. शिसं दाबलं की दबलेलंच राहतं, पितळ मात्र थोडं परत उघडतं. खाच नसलेल्या गोळीवर जोरात क्रिम्प केला, तर कवच आणि शिसं आत दबतं, वरचं पितळ थोडं मागे येतं आणि दोघांमध्ये पकड वाढण्याऐवजी कमी होऊ शकते. वाळूजमध्ये वाहनांच्या वायरिंग हार्नेसचं काम करणाऱ्यांना हे ठाऊक असेल. टर्मिनल जास्त दाबलं की ओढ-चाचणीत जोड आधीपेक्षा लवकर सुटतो. काडतुसातही ‘थोडं आणखी घट्ट’ म्हणजे चांगलं असं नसतं.

दुसरी हरकत मापाची. तोंड आत वळवणारा क्रिम्प सगळ्या पुंगळ्यांची लांबी सारखी असेल तरच सारखा होतो. लांब पुंगळीवर डायचा जोर जास्त पडतो, मानेखालचा खांदा खाली दाबला जातो आणि खांद्याजवळ फुगवटा येतो. असं काडतूस कधीकधी चेंबरमध्ये जातच नाही. यापेक्षा वाईट म्हणजे न मागितलेला क्रिम्प. वारंवार वापरून लांब झालेली पुंगळी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात तोंड घुसवते. तिथे तोंडाला उघडायला जागाच नसते, आणि गोळी सुटताना दाब धोकादायक चढू शकतो. हातभरणीच्या जगात लांबी मोजून पुंगळी छाटण्याला जो मान आहे तो यामुळे. क्रिम्प करणारे आणि न करणारे दोघेही या एका मुद्द्यावर एकमेकांशी भांडत नाहीत.

तिसरी हरकत नेमाची. खाच गोळीवर एका ठिकाणी असते, म्हणून क्रिम्प करायचा तर गोळी तेवढ्याच खोलीवर बसवावी लागते. बेंचरेस्टवाला मात्र गोळी आट्यांपासून किती दूर असावी हे आपल्या नळीनुसार ठरवतो. सिएरा मॅचकिंगसारख्या स्पर्धेच्या गोळ्यांवर सहसा खाच नसते. त्यांचा रिवाज म्हणजे मानेचं माप गोळीपेक्षा दोन ते पाच शतांश मिलिमीटर कमी, प्रत्येक मान सारखी, अधूनमधून मान तापवून पितळ मऊ करणं, आणि क्रिम्प नाही. त्यात मला शिस्त दिसते.

बाजूने बोलणाऱ्यांत ली प्रिसिजन या अमेरिकन कंपनीचा दावा वेगळा आहे. तिची ‘फॅक्टरी क्रिम्प’ डाय तोंड आत वळवत नाही, चिरा पाडलेल्या कॉलेटने चारी बाजूंनी आवळते. त्यामुळे खाच नसलेल्या गोळीवरही ती चालते आणि नेम सुधारतो, असं कंपनी सांगते. पुंगळीच्या लांबीवरचं अवलंबन कमी होतं हे खरं, आणि ती डायची चांगली बाजू आहे. नेम सुधारण्याबद्दलचं माझं मत असं की, जिथे मानेची पकड मुळात विस्कळीत होती तिथे तो सुधारलेला दिसतो. जिथे पकड आधीच एकसारखी होती तिथे फारसा फरक पडायचं कारण उरत नाही. सावकाश जळणाऱ्या दारूच्या मोठ्या काडतुसांत मात्र मुद्दा खरा आहे. प्राइमरच्या ठिणगीच्या धक्क्यानेच गोळी पुढे सरकू लागली, तर दारू नीट पेटायच्या आत जागा वाढते आणि वेग कमी-जास्त होतो. तिथे घट्ट पकड, मग ती मानेची असो वा क्रिम्पची, वेगात सातत्य आणते.

या दोन टोकांना एकत्र आणणारं उदाहरण अमेरिकेच्या एमके २६२ काडतुसाचं आहे. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीत दूरचा नेम हवा म्हणून ब्लॅक हिल्स कंपनीने ७७ ग्रेनची सिएरा मॅचकिंग, म्हणजे खाच नसलेली स्पर्धेची गोळी, लष्करासाठी भरली. पुढे स्वयंचलित रायफलमधल्या आदळआपटीसाठी क्रिम्प हवा असं ठरलं आणि त्याच गोळीवर एक उथळ खाच घालावी लागली. ती आवृत्ती ‘मॉड १’ म्हणून चालली आणि अचूकतेसाठीच तिचं नाव झालं. खाच आणि क्रिम्प आला की नेम गेलाच, हे म्हणणं त्यानंतर टिकत नाही. काळजीपूर्वक, उथळ आणि एकसारखा केलेला क्रिम्प नेम मारत नाही. घाईत, खोल आणि वेगवेगळ्या लांबीच्या पुंगळ्यांवर केलेला मारतो.

आपल्याकडच्या नेमबाजांचं काय, असा प्रश्न साहजिक येतो. म्युनिकला २०१० मध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. दोन्ही प्रकार .२२ रिमफायरचे. त्या काडतुसात प्राइमर पुंगळीच्या कडेतच असतो, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही, आणि गोळी बाहेरून पुंगळीइतकीच जाड असून तिची बारीक टाच आत असते. ती धरून ठेवते मानेची पकड नव्हे, कारखान्यातला क्रिम्पच. म्हणजे जगातल्या सर्वांत अचूक स्पर्धांपैकी एक प्रकार पूर्णपणे क्रिम्प केलेल्या काडतुसांवर चालतो. तिथे नेमबाजाच्या हाती उरतं ते लॉट निवडणं: आपल्या रायफलला जुळणारी तुकडी शोधायची, रायफल शिकंज्यात धरून प्रत्येक लॉटचे गट पाहायचे आणि जुळला तो साठवून ठेवायचा. पैसे असणाऱ्याला हे जमतं. जिल्हा पातळीवरच्या मुलाला मिळेल ते खोकं घ्यावं लागतं, आणि क्रिम्पच्या वादापेक्षा हे मला जास्त खटकतं.

ज्या देशांत हातभरणी कायदेशीर आहे तिथल्या माणसाला सल्ला द्यायचा झाला तर मी आधी एक चाचणी सांगेन. मॅगझीनमधल्या शेवटच्या काडतुसावर खूण करायची, त्याची लांबी व्हर्नियरने मोजायची, बाकीची सगळी उडवायची आणि खुणेचं काडतूस बाहेर काढून पुन्हा मोजायचं. लांबी बदलली नसेल तर त्या रायफलला, त्या गोळीला, त्या मानेला क्रिम्प लागत नाही. बदलली असेल तर क्रिम्पकडे जाण्याआधी मानेचं माप बघायचं. नेमाची तुलना करायची तर एकाच लॉटच्या पुंगळ्या घेऊन क्रिम्प केलेली आणि न केलेली काडतुसं आळीपाळीने उडवायची. पाच गोळ्यांच्या एका गटावरून काढलेला निष्कर्ष पुढच्या पाच गोळ्यांत उलटतो. वरून आपल्याकडचा मे महिना असेल तर उन्हात ठेवलेल्या काडतुसाच्या दारूचं तापमान वेगात जो फरक पाडतं, त्यात क्रिम्पचा फरक सहज बुडून जातो.

राहता राहिला .३१५. ईशापूरच्या कारखान्यातली ही बोल्ट रायफल आपल्याकडच्या नागरी परवान्यांवर वर्षानुवर्षं चालत आली, आणि तिचं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं. त्याची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅमची. इतकी जड गोळी मॅगझीनमध्ये पुढच्या भिंतीवर आदळली की मानेच्या पकडीची परीक्षा होतेच. १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि वरणगाव हे दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहेत. परवानाधारकाला स्वतः काडतूस भरायची मुभा नाही. त्यामुळे पकड, वेग, क्रिम्पची खोली यांतलं काहीही त्याला बदलता येत नाही. निदान कळावं तरी. इंग्लंडची एली कंपनी टेनेक्सच्या खोक्यावर त्या लॉटचा वेग छापते, आणि नेमबाज त्यावरून निवड करतात. खडकी आणि वरणगावमध्ये प्रत्येक लॉटमधली काडतुसं ओढून, उडवून, मोजून पाहिल्याशिवाय माल बाहेर जात नाही. ते आकडे, वेग आणि गोळी ओढून काढायला लागलेला जोर, .३१५ च्या खोक्यावर छापायला शाईखेरीज काही खर्च नाही.